कलाशाळेचे प्रदर्शन आणि कामकरी माणूस



आमच्यासारख्या माणसाने या व्यासपीठावरून बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगार असल्या विषयांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. चालकांचीही तीच होती. आम्ही विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, की 'विद्यापीठाच्या कलाशाळेतील प्रदर्शने' हेच आम्हाला म्हणावयाचे आहे ना. आम्ही हो म्हटले. त्यांनी छापले. आता जे काही होईल त्याचा दोष सर्वस्वी आमचा.

प्रथमच एक कबुली देऊन टाकतो. आम्ही कलेचे जाणकार नव्हे. दहावीनंतर आम्ही कॉलेजाच्या ऐवजी कोल्हापूरच्या एका फौंड्रीच्या फाटकातून आत गेलो आणि वाळू चाळावयास लागलो. पुढे जे काही शिकलो ते करवीर नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांनी आणि कामगारांच्या खटल्यांनी शिकवले. तेव्हा रेषा, रंग, आकार यांची चर्चा आमच्याकडून घडणार नाही. प्रदर्शन म्हणजे एका माणसाने केलेले काम चार माणसांसमोर मांडणे, एवढीच आमची व्याख्या आहे. आणि काम व काम करणारा यांच्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार तीस वर्षांच्या संघटनेने आम्हाला दिला आहे, असे आम्ही समजतो.

आपण वसंतात व्याख्याने ऐकतो, ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. विद्वानांच्या बैठकीतली गोष्ट चव्हाट्यावर यावी आणि वाटेने जाणाऱ्यालाही ती ऐकता यावी, हा त्यातला हेतू. योगायोग असा, की त्याच १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठातली कलाशाळा हा आमचा आजचा विषय आहे. तिथली मुलेही उन्हाळा तोंडावर आला, की वर्षभराचे काम भिंतींवर टांगतात, जमिनीवर मांडतात आणि दारे उघडतात. त्यांचीही ती वसंत व्याख्यानमालाच म्हणा ना! फरक एवढाच, की तिथे बोलणारे तोंडाने बोलत नाहीत.

बडोदे हे मराठी माणसाला परके शहर नव्हे. पण तिथे राजवाडा आहे, चिवडा आहे आणि कोणी दूरचा मामा आहे, एवढ्यावर आपले ज्ञान थांबते. १८९० साली तिथे 'कलाभवन' निघाले. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले चालक. या नावावरून कोणी नाजूक कल्पना करून घेऊ नये. कलाभवनात रंगाई शिकवीत, विणकाम शिकवीत, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकलाही शिकवीत. हे सारे एका छपराखाली. आपले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर तिथेच शिकावयास गेले होते. फाळक्यांनी पुढे कॅमेरा उघडून त्याचे स्क्रू स्वतः बसवले याचे लोकांना नवल वाटते. आम्हाला वाटत नाही. जिथे लेथ आणि कुंचला शेजारी शेजारी असतो तिथून असाच माणूस बाहेर पडावयाचा. त्या शाळेने 'कला' या शब्दाचा जुना अर्थ जपला होता. आपल्या जुन्या लोकांनी चौसष्ट कला मोजल्या त्यांत सुतारकीही होतीच.

त्याच सुमारास महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती राजवाड्याच्या भिंतींवर जाण्याआधी बडोद्यात आणि मुंबईत लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली आणि पाहावयास झुंबड उडाली. नल-दमयंती आणि विश्वामित्र-मेनका ज्यांनी कीर्तनात केवळ ऐकली होती, ते लोक त्यांच्यासमोर उभे राहिले. चित्रे राजाची, पैसा राजाचा. पण आधी पाहिली प्रजेने. ही घटना आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण बडोद्यातल्या पुढच्या सगळ्या प्रदर्शनांचा प्रश्न तिच्यातच आहे. काम कोणासाठी करावयाचे आणि कोणाला दाखवावयाचे?

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. पुढच्याच वर्षी, १९५० साली, ललितकला विद्याशाखा उघडली. तोवर चित्रकला शिकणारा मुलगा म्हणजे पदविका घेऊन ड्रॉइंग मास्तर होणारा मुलगा, अशी सर्वसाधारण समजूत होती. बडोद्याने त्याला विद्यापीठाचा पदवीधर केले, वकील आणि इंजिनियर यांच्या पंक्तीत बसवले. मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता झाले. चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे आले, इंदूरचे, आपले मराठी. शिल्पकलेला शंखो चौधरी आले. १९५१ साली के. जी. सुब्रमण्यन आले. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेला आणि मग शांतिनिकेतनात शिकलेला हा माणूस पुढे काही काळ हातमाग मंडळात विणकरांसाठीही काम करून आला.

या मंडळींनी एक गोष्ट केली. मास्तर आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर चित्रे लावू लागले. १९५६ साली 'बडोदा ग्रुप' निघाला त्यात शिकवणारे होते आणि त्यांच्या हाताखाली शिकलेलेही होते. मुंबईला जाऊन त्यांनी प्रदर्शने केली. कारखान्यात राहिलेल्या माणसाला यातले मोल लगेच कळते. आमच्याकडे हेल्परने केलेला नमुना मिस्त्रीच्या नमुन्याशेजारी कोणी ठेवीत नाही; ठेवला तर मिस्त्रीचा मान जातो, असे समजतात. ज्या शाळेत मास्तर आपले काम विद्यार्थ्याच्या शेजारी उघडे करून ठेवतो, तिथल्या विद्यार्थ्याला भिऊन शिकावे लागत नाही.

१९६१ साली त्यांनी जत्रा भरवली. 'फाइन आर्ट्स फेअर' असे तिचे नाव. आम्हाला तिची हकिकत प्रदर्शनांपेक्षाही अधिक आवडते. शिक्षक-विद्यार्थी मिळून लाकडाची, मण्यांची, चामड्याच्या तुकड्यांची खेळणी करू लागले. मातीची भांडी, छापील चित्रे, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ, नाटके. सुब्रमण्यनांनी जत्रेसाठी केलेली लाकडी खेळणी आता जाणकार लोक पुस्तकांत छापतात; तेव्हा ती पोरांच्या हातात जात होती. ज्याला चित्र विकत घेणे स्वप्नातही शक्य नाही अशा माणसाने मुलासाठी एक घोडा घेऊन जावे, आणि तो घोडा देशातल्या एका पहिल्या प्रतीच्या कलावंताने घडवलेला असावा! आमच्या ज्योतिबाच्या यात्रेत गुलाल-खोबऱ्याबरोबर पिपाणी घेतात, तसेच हे. नवरात्रात त्याच आवारात गरबा होतो, त्याचीही बडोद्यात ख्याती आहे. म्हणजे हे दार उघडे ठेवण्याची खटपट त्या लोकांनी मनापासून केली, हे मान्य केले पाहिजे.

आता दुसरी बाजू. उघडे दार असले म्हणजे आत कोण येईल हे सांगता येत नाही.

९ मे २००७ रोजी याच कलाशाळेत परीक्षेसाठी मुलांनी कामे मांडली होती. ग्राफिक विभागातल्या पदव्युत्तर वर्गाच्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांनी धार्मिक भावना दुखावतात, अशी तक्रार बाहेरच्या लोकांनी केली. पोलीस आले आणि विद्यार्थ्याला घेऊन गेले. काही दिवस तो कोठडीत राहिला. त्याच्या सोबत्यांनी मग आपल्या देशातल्या जुन्या शिल्पांच्या आणि चित्रांच्या प्रतिकृतींचे एक प्रदर्शन मांडले, की पाहा, आपली परंपरा काय काय दाखवीत आली आहे. विद्यापीठाने ते बंद करावयास सांगितले. प्रभारी अधिष्ठात्यांनी नकार दिला, तेव्हा ते निलंबित झाले. त्या विद्यार्थ्याचा निकाल २०१८ सालीसुद्धा लागलेला नव्हता, असे वृत्तपत्रांत आले. २०२२ सालीही याच शाळेत एका विद्यार्थ्याच्या कामावरून असेच वादळ उठले आणि त्याला काढून टाकण्यात आले.

ती चित्रे चांगली होती की वाईट, आम्ही सांगणार नाही. आम्ही ती पाहिलेली नाहीत. कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर त्यांना तक्रारीचा हक्क आहे, हेही आम्ही मानतो. पण कामगार चळवळीने आम्हाला एक रीत शिकवली आहे. आधी आरोपपत्र, मग खुलासा, मग चौकशी, मग शिक्षा. मालकाने हा क्रम उलटा केला की आम्ही फाटकावर बसतो. एखाद्या कास्टिंगला खोट आहे असे कोणी म्हटले, तर तपासनीस ते टेबलावर घेतो, ठोकून पाहतो, मग लाल खडूची फुली मारतो. रस्त्यावरून आलेल्या माणसाने फुली मारून मोल्डरला चौकीवर नेलेले आम्ही चालवून घेणार नाही. आणि दोन वर्षे काम करून घेऊन त्याचा निकालच न देणे, याला आमच्या भाषेत मजुरी बुडवणे म्हणतात.

हे आज आम्ही ठणकावून सांगतो आहोत. तेव्हा सांगितले नव्हते. त्या मे महिन्यात मुंबईच्या काही मित्रांकडून पाठिंब्याचा एक मसुदा आमच्या युनियनकडे आला होता. कार्यकारिणीत तो वाचून दाखवला गेला. विषयपत्रिकेवर पगारवाढीचा करार होता. 'हा विषय आपला नव्हे,' असे म्हणून आम्हीच तो कागद फाइलीत लावला. कोणी विरोध केला नाही. आम्ही चिटणीस होतो, आमचा शब्द चालला. तो कागद आजही त्या फाइलीत आहे.

पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या युनियनचे एक जुने सभासद, मोल्डर, सगळे त्यांना मामा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे. ओतकामात त्यांचा हात असा, की वाळू मुठीत दाबून सोडली की तिच्यात पाणी किती ते सांगत. त्यांच्या धाकट्या मुलाला बडोद्याच्या कलाशाळेत प्रवेश मिळत होता. मामा एका संध्याकाळी कचेरीत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, पोरगं म्हनतंय मूर्त्या करनार. तुमी वाचलेलं मानूस. पाठवू का नको?"

आम्ही वाचलेला माणूस! आम्ही सांगितले, "मामा, आयटीआयला घाला. मूर्त्या करून पोट भरत नाही. आणि त्या कॉलेजात गेल्याच वर्षी पोलीस आले होते." ज्या घटनेबद्दल आम्ही बोटही उचलले नव्हते, तिचाच उपयोग आम्ही एका पोराला अडवण्यासाठी केला. मामांनी मान हलवली आणि गेले. पोरगा मात्र बडोद्याला गेला. फंडातून कर्ज काढून मामांनीच त्याला पाठवला, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळले.

चार वर्षे झाली. २०१२ च्या उन्हाळ्यात मामा पुन्हा आले. मुलाचे शेवटच्या वर्षाचे काम मांडले जाणार होते, बापाने यावे असे पत्र होते. "मला तितलं काय कळनार? तुमी चला संगं." आम्ही गेलो. कोल्हापूरहून मुंबई, तिथून रात्रीच्या गाडीने बडोदे. सकाळी कमाटी बागेत तोंडे धुतली, चहा घेतला आणि चालत कलाशाळेच्या आवारात पोहोचलो.

फाटक उघडे होते. कोणी अडवले नाही, कोणी काही विचारले नाही. तरी मामा थांबले. आत मुले-मुली ये-जा करीत होती, कोणाच्या कपड्यांना रंग लागलेला, कोणी शिडी नेत होता. मामांनी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या. आम्ही म्हटले, "मामा, देऊळ नव्हे हे." ते म्हणाले, "कारखानाबी न्हवं." मग मुलगा धावत आला आणि त्याने बापाला चपला घालावयास लावल्या.

शिल्पविभागाचे आवार पाहिल्यावर मामांचे पाय जमिनीवर आले. तिथे भट्टी होती, वाळू होती, मुशी होत्या, चिमटे होते. जळक्या मेणाचा आणि तापल्या धातूचा वास होता. मामा म्हणाले, "हे तर आपलंच हाय की!" चौधरींच्या काळापासून त्या विभागात लोखंड, दगड, लाकूड यांच्याशी झटण्याची परंपरा आहे. राघव कनेरियांनी तर कारखान्याच्या भंगारातले तुकडे जोडून शिल्पे केली. हे आम्ही नंतर वाचले. मामांना ते वाचावे लागले नाही.

मुलाने एका चौथऱ्यावर ब्राँझचे बूट मांडले होते. मामांचेच बूट. फौंड्रीतले, जाड तळव्याचे, रस उडून भोके पडलेले. चार वर्षांपूर्वी मामांनी टाकून दिलेले ते पोराने बडोद्याला नेले होते. बुटांवरून साचा घेतला, साच्यात मेण, मेणावर प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचे आवरण, मग भाजून मेण घालवले आणि त्या पोकळीत ब्राँझचा रस ओतला. शेजारी कागदाची चिठ्ठी, तिच्यावर मुलाचे नाव, साल आणि 'ब्राँझ' एवढेच.

मामा बराच वेळ उकिडवे बसून पाहत राहिले. दोन-तीन शिक्षक आणि आठ-दहा मुले जमली होती. कामावर बोलणे चालले होते. बुटांवरची भोके फार बोलकी आहेत, कष्टाच्या खुणा आहेत, असे कोणीतरी म्हणत होते. मामांनी बोट लावले आणि म्हणाले, "ही भोकं ठिनगीची हायत. ही पन. पर ह्यो फुगा ठिनगीचा न्हवं, ह्यो गॅसचा हाय. हितं वायूला भाईर पडाया वाट ठिवली न्हाई."

मुलगा लाल झाला. एक शिक्षक खाली वाकले, त्यांनी भोकात काडी घालून पाहिली आणि विचारले, "कसे ओळखले?" मराठी त्यांना मोडकी येत होती. मामांनी खिशातला खडू काढला. मोल्डरच्या खिशात खडू असतोच. फरशीवर साच्याचा उभा छेद काढला. रस इथून शिरतो, वर चढतो, आत अडकलेली हवा इथे कोपऱ्यात जाऊन बसते. इथे एक वाट दिली असती तर फुगा आला नसता. "मेनाचं काम मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले, "पर वायू सगळीकडं त्योच." मुले खाली बसली. कोणी वही काढली. अर्धा तास मामा बोलत होते आणि मुलगा गुजराती-हिंदीत समजावून सांगत होता. विद्यापीठात व्याख्याने होतात. आम्ही त्या दिवशी एक ऐकले.

उठताना मामांनी चिठ्ठीकडे बोट केले. "भट्टी कुनी लावली?" मुलगा म्हणाला, "विभागातले दोघे आहेत, वर्कशॉपचे. त्यांनीच रस धरला. एकट्याने मूस उचलत नाही." मामा म्हणाले, "मग त्येंची नावं?" कोणी काही बोलले नाही.

मुक्काम एका दिवसाचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा तिथे डोकावलो. बुटांशेजारच्या चिठ्ठीखाली दुसरी एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर हाताने दोन नावे लिहिली होती, पुढे 'ओतकाम'. त्या दोघांपैकी एक जण तिथेच उभा होता. तो आपले नाव वाचीत नव्हता. लोक वाचतात की नाही, ते पाहत होता.

गाडीत मामा खिडकीशी बसले होते. विरारच्या अलीकडे कुठेतरी म्हणाले, "साहेब, एकतीस वर्सं झाली. किती हजार नग वतलं आसतील. पंप हायत, वॉल्व्ह हायत, इंजनाची घरं हायत. कंपनीचा शिक्का हाय, नंबर हाय, तारीख हाय. माझं नाव कशावर हाय वो?"

आम्ही उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. तीस वर्षांत आम्ही किती मागणीपत्रे लिहिली! महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी, साबण, गूळ, बूट, सगळे मागितले. कामावर कामगाराचे नाव असावे ही मागणी आम्ही कधी लिहिली नाही, आणि लिहावी असे सुचलेही नाही.

याच कलाशाळेत १९८७ साली तरुण कलावंतांच्या एका गटाने 'प्रश्न आणि संवाद' अशा अर्थाचे इंग्रजी नाव देऊन प्रदर्शन केले होते. बहुतेक जण केरळचे. कला ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली चीज झाली आहे, ती बाजारातून सोडवली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९८९ साली मुंबईत बोरीबंदरावर चित्रांचा मोठा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी त्याचा निषेध केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे पुढारी, शिल्पकार के. पी. कृष्णकुमार यांचा अंत झाला आणि संघटना विखुरली. ते लोक कष्टकऱ्यांना शोधीत होते. त्या साली आम्ही फौंड्रीत वाळू चाळीत होतो. शोधणारे आणि ज्यांना शोधायचे ते, एकमेकांच्या गावचे पत्तेसुद्धा ठाऊक नव्हते! पंचवीस वर्षांनी मामांच्या खडूने जे अर्ध्या तासात झाले, ते होण्यासाठी जाहीरनामा लागला नाही. बापाने मुलाचे काम पाहावयास जाणे पुरले.

बडोद्याहून परतल्यावर पुढच्या १ मे रोजी आम्ही युनियनच्या हॉलमध्ये एक प्रदर्शन भरवले. नाव काही मोठे नव्हते, 'आमचे काम' एवढेच. कारखान्यांकडे तयार नग मागितले. एकाही व्यवस्थापनाने दिले नाहीत. माल बाहेर जाऊ शकत नाही, असे उत्तर आले. भंगारात टाकलेले रिजेक्शन मात्र वजनावर विकत मिळाले. तेव्हा आमच्या प्रदर्शनातला प्रत्येक नग सदोष होता! त्याचे आम्हाला प्रथम फार वाईट वाटले. पण मामा म्हणाले, तेच बरे. खोट दिसली की काम कसे होते ते समजते. प्रत्येक नगाशेजारी चिठ्ठी लावली. पॅटर्न कोणी केला, गाभा कोणी भरला, साचा कोणाचा, रस कोणी ओतला, घासला कोणी. चार-पाच नावे एकेका नगाला. आणि खाली, खोट काय आणि का आली.

बायका आल्या, मुले आली. तीस वर्षे डबा भरून देणाऱ्या एका बाईंनी नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी वाचली आणि विचारले, "एवढं जड उचलता तुम्ही?" नवऱ्याला काय बोलावे सुचेना. तो नुसता हसला. खोटींच्या चिठ्ठ्यांवरून मात्र भांडण झाले. एका फेटलरचे म्हणणे, चूक गाभ्याची होती, आपल्या नावावर का? दोन तास वाद चालला, शेवटी चिठ्ठी बदलावी लागली. आम्हाला बडोद्याची आठवण झाली. नाव लावले, की जबाबदारीही आली, आणि मग सांगण्याचा-विचारण्याचा हक्कही आला.

म्हणून आम्हाला दोन विनंत्या करावयाच्या आहेत. एक कलाशाळांना. बडोदे असो, मुंबईचे जे. जे. असो की आमच्या कोल्हापुरातली एखादी संस्था असो. वार्षिक प्रदर्शनाचे निमंत्रण गॅलऱ्यांना आणि वृत्तपत्रांना पाठवता, तसे एक कार्ड जवळच्या ओतशाळेला, छापखान्याला, कुंभारवाड्याला पाठवा. ते तुमच्याच सामानाशी रोज झटणारे लोक आहेत. आणि चिठ्ठीवर भट्टी लावणाऱ्याचे नाव घाला. ज्या संस्थेच्या फाटकातून परिसरातला कामकरी माणूस आत-बाहेर करतो, तिच्या फाटकावर उद्या कोणी गोंधळ घालावयास आले, तर तो माणूस मध्ये उभा राहील. ज्याला कधी बोलावलेच नाही, तो कडेने पाहत जाईल. २००७ साली आम्ही तसेच कडेने गेलो.

दुसरी विनंती आपल्याला, विशेषतः संघटनेत काम करणाऱ्या सोबत्यांना. बडोद्यास जाणे होवो न होवो. पण आपल्या जिल्ह्यात कलाशाळा असेल तर उन्हाळ्यात तिचे प्रदर्शन असते, तिकीट नसते. मुलांना घेऊन जा. कळणार नाही, ही भीती घरी ठेवा. मामांनाही कळत नव्हते. त्यांना वायू कळत होता. तुम्हाला सूत कळते, लाकूड कळते, शाई कळते, माती कळते. तिथे कोणाशी तरी बोला. आवडले नाही तर तेही त्या मुलाच्या तोंडावर सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्या. तक्रार करण्याची हीच सर्वांत जुनी आणि चांगली रीत आहे.

मामा २०१५ साली निवृत्त झाले. निरोपसमारंभात कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. मुलगा आता एका शाळेत कलाशिक्षक आहे आणि सुट्टीत शिल्पे करतो. पोट भरते. ते ब्राँझचे बूट मामांच्या घरी उंबऱ्याच्या आत ठेवलेले असतात. नवखा माणूस आला की त्यांच्याशेजारी आपल्या चपला काढून ठेवतो. फुगा तसाच आहे, मामांनी तो बुजवू दिला नाही. आणि आमच्या युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात, महागाई भत्त्याच्या खाली, अकराव्या कलमात, प्रत्येक विभागाच्या दर्शनी भागी तिथल्या कामगारांच्या नावांचा फलक लावावा अशी मागणी घातली. व्यवस्थापनाने दोन बैठकांत ती हसण्यावारी नेली. तिसऱ्या बैठकीत हसले नाहीत. ती अजून मान्य झालेली नाही. पुढच्या करारात आम्ही ती पुन्हा घालणार आहोत.

 ज्या मंडळींनी हा मांडव घातला आणि हा ध्वनिक्षेपक लावला, त्यांची नावे आम्ही येण्यापूर्वी विचारून घेतली होती. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल, तर समारोपात आभार मानताना ती वाचून दाखवावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.